हान्स बेटाचा हान्स कोण?

प्रश्न: कॅनडा आणि डेन्मार्क एका निर्जन बेटावरून व्हिस्की ठेवून भांडत होते म्हणे, त्या हान्स बेटाला हे नाव कुणावरून पडलं? मुलगा म्हणतो परीकथावाल्या हान्स अँडरसनवरून. घरात वाद पेटलाय! – एक वाचक, फोंडा

उत्तर: चिरंजीवांना सांगा, डेन्मार्क बरोबर पण माणूस चुकला. हा हान्स हेन्ड्रिक, डेन्मार्कच्या ताब्यातल्या ग्रीनलंडचा इनुइट (तिथल्या मूळ लोकांतला) शिकारी, स्वतःच्या भाषेत सुएर्साक. १८५३ला केन नावाच्या अमेरिकन संशोधकाच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत पोरसवदा वयात लागला आणि मग एकूण चार मोहिमा केल्या, तीन अमेरिकन नि एक ब्रिटिश. त्यातली तिसरी म्हणजे अमेरिकन हॉलची 'पोलॅरिस' जहाजावरची, १८७१ ते ७३, आणि बेटाला त्याचं नाव पडलं ते बहुधा त्याच वेळी.

ह्याच मोहिमेत १८७२च्या ऑक्टोबरात वादळात जहाज बर्फापासून सुटलं आणि १९ जण तरंगत्या बर्फाच्या लादीवरच राहिले, हान्स, त्याची बायको, चार पोरं, त्यातलं धाकटं तर दोन महिन्यांचं, सगळे त्याच लादीवर. सहा महिने वाहत जवळजवळ २,९०० किलोमीटर दक्षिणेला गेले, खाणार काय तर हान्स आणि जो नावाचा दुसरा इनुइट सील मारून आणतील ते. एकही जण दगावला नाही! आता गंमत बघा, बेट कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या ज्या केनेडी चॅनलमध्ये (सामुद्रधुनीत) आहे त्याला नाव अमेरिकेच्या नौदलमंत्र्याचं (तो राष्ट्राध्यक्ष केनेडी नव्हे), आणि सगळ्यांना जगवणाऱ्याच्या वाट्याला आला हा १.३ चौरस किलोमीटरचा बोडका खडक. मला तरी हा हिशोब पटत नाही. तसं इनुइट लोकांचं त्या बेटाला आधीपासूनच नाव होतं, तार्तुपालुक, मूत्रपिंडासारखा आकार म्हणून.

भांडणाचं म्हणाल तर १९७३ला दोन देशांनी समुद्रातली हद्द आखली पण बेटापाशी रेघ थांबवली, ठरेना म्हणून. मग १९८४पासून हे येऊन झेंडा आणि कॅनडियन व्हिस्की ठेवणार, ते येऊन आपला झेंडा आणि श्नॅप्स ही डॅनिश दारू ठेवणार. इथे आपल्याला गोवा-महाराष्ट्र हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावरून एक बाटली पलीकडे न्यायची म्हटली तरी घाम फुटतो, आणि तिथे बाटली ठेवून हद्द सांगायची! शेवटी १४ जून २०२२ला करार झाला आणि खडकाचे दोन वाटे पडले. वस्ती मात्र तेव्हाही नव्हती, आत्ताही नाही.