डॉक्टर, बाबांची क्वार्टर एकदम बंद करू का?

प्रश्न : बाबा ५८ वर्षांचे. रोज रात्री क्वार्टर, दिवसभर तंबाखू. बीपीसाठी दवाखान्यात जातात, पण तिथे हा विषय निघतच नाही. दोन्ही एकदम बंद करू का? – एक मुलगी, हडपसर

उत्तर : ताई, दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या ४८ तासांत फिटही येऊ शकते. डॉक्टरांना तुम्हीच सांगा : किती, कधीपासून, सकाळी उठल्यावर लागते का. मग औषधांच्या आधाराने सोडवता येते. पुण्यातच १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तंबाखू सोडायला मात्र थांबायचं कारण नाही. मी बीपीचा पट्टा बांधतानाच विचारते, "काका, दिवसाला पुड्या किती?" ओठ उलटून बघते. तंबाखूने पडलेला पांढरा चट्टा असला तर आरसा त्यांच्याच हातात देते. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा नंबर मोफत आहे. आजच लावून द्या, पण बोलू दे बाबांनाच.