प्रोबायोटिक कॅप्सूलने क्रिएटिनिन उतरतं का?

वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) २.८ आहे, प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवाणूंची कॅप्सूल सुरू करू का, आणि आतड्यातल्या जिवाणूंचा किडनीशी खरंच काही संबंध असतो का, असं तुम्ही विचारलंय. संबंध नक्की आहे. कॅप्सूलवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. किडनीच्या रुग्णांचं पथ्य ठरवणं हे माझं रोजचं काम आहे.

खाल्लेल्यातलं न पचलेलं प्रोटीन मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ते फोडतात. प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून इंडोल नावाचा पदार्थ तयार होतो आणि यकृतात त्याचं इंडॉक्सिल सल्फेट बनतं. धडधाकट किडनी ते लघवीवाटे टाकून देते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही, मग ते रक्तात साठतं आणि तिच्याच नलिकांना त्रास देतं. डायलिसिसनेही ते नीट निघत नाही, कारण ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटलेलं असतं. शिवाय रक्तात वाढलेला युरिया आतड्यात झिरपतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि आतड्याचं अस्तर बिघडतं. म्हणजे बिघाड दोन्हीकडून.

मग इंडोल आतड्यातच अडवलं तर? जपानमध्ये त्यासाठी एएसटी-१२० नावाचे कोळशाचे बारीक दाणे १९९१ पासून देतात. पण दोन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निकाल २०१५ मध्ये आले, त्यात किडनीचा ऱ्हास मंदावल्याचं दिसलं नाही. कॅप्सूलचा पुरावा तर याहून तोकडा. समजा, युरिया फस्त करणाऱ्या जिवाणूंनी रिपोर्टातला आकडा थोडा खाली आणला, तरी त्याने किडनीची गाळण्याची ताकद वाढत नाही. जाहिरातवाले हे सांगत नाहीत.

मी आधी विचारेन, बाबांचं पोट रोज साफ होतं का? बद्धकोष्ठतेत जिवाणूंना प्रोटीन कुजवायला जास्त वेळ मिळतो. तंतुमय अन्न मिळालं की ते प्रोटीनकडे कमी वळतात, म्हणून ताटात भाजी हवी. फक्त पोटॅशियम वाढलेलं असेल तर भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. (नारळपाणी ‘किडनीला चांगलं’ म्हणून पाजणारे नातेवाईक भेटतीलच, पोटॅशियम जास्त असताना ते धोक्याचं आहे.) इसबगोलाला पाणी भरपूर लागतं, तेव्हा बाबांना पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ते नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारूनच सुरू करा. आणि डाळ, अंडी मनाने बंद करू नका. प्रोटीन किती द्यायचं ते त्यांचं वजन आणि रिपोर्ट पाहूनच ठरतं.