संशय घेणारा थॉमस नक्की कोण?

प्रश्न: मी ऑफिसात नवीन सॉफ्टवेअरचा डेमो बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही असं बोलले तर सीनियर हसून म्हणाले, यू आर अ डाउटिंग थॉमस. हा थॉमस कोण आणि मी राग मानायचा का?

उत्तर: राग अजिबात मानू नका. डाउटिंग थॉमस म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास न ठेवणारा माणूस, बाई असो की पुरुष, नाव थॉमसच राहतं. थोडी टोचणी आहे त्यात, पण शिवी नाही. कुणाला ज्यूडस, म्हणजे येशूला पकडून देणारा शिष्य, म्हटलं तर ते थेट विश्वासघातकी म्हणणं झालं, ते खरं लागणारं.

थॉमस हा येशूच्या 12 शिष्यांपैकी एक, मराठी बायबलात तो थोमा. गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, 20व्या अध्यायात आहे. येशू पुन्हा जिवंत होऊन शिष्यांना भेटला त्या संध्याकाळी थोमा नेमका तिथे नव्हता, मग बाकीचे सांगायला लागले की आम्ही प्रभूला बघितलं, तर हा म्हणाला त्याच्या हातातल्या खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय आणि कुशीतल्या जखमेत हात घातल्याशिवाय मी मानणारच नाही. आठ दिवसांनी येशू परत आला आणि थोमालाच म्हणाला, घाल बोट. त्यावर थोमा एवढंच बोलला, माझा प्रभू आणि माझा देव.

आता बघा, त्याने खरंच बोट घातलं असं बायबलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही! ते आपल्या डोक्यात बसलंय ते चित्रांमुळे, त्यातही इटालियन चित्रकार कॅरावाज्जोच्या. त्यात येशू स्वतः थोमाचं मनगट धरून बोट जखमेत नेतोय, थोमाच्या कपाळावर आठ्या, खांद्यावर अंगरख्याची शिवण उसवलेली, चार डोकी एकमेकांना चिकटलेली. एकदा बघितलं की विसरत नाही.

मला मात्र हे टोपणनाव थोमावर अन्यायच वाटतं. बाकीच्या शिष्यांना येशूने हात आणि कूस आधीच दाखवली होती, म्हणजे याने जास्तीचं काही मागितलंच नाही, जे त्यांना मिळालं तेच मागितलं. आणि लूकच्या शुभवर्तमानात बायका कबर रिकामी असल्याचं सांगायला आल्या तेव्हा या शिष्यांना ती बडबडच वाटली होती, पण त्यांना कुणी डाउटिंग म्हणत नाही. शिवाय हाच थोमा आधी एकदा, येशूचं यहूदीया प्रांतात जाणं जिवावर बेतणारं होतं तेव्हा, म्हणाला होता की चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. ते धाडस विसरलं गेलं आणि आठ दिवसांचा संशय तेवढा नावाला चिकटला.

गंमत म्हणजे थॉमस हेसुद्धा मुळात टोपणनावच. अरामी भाषेत त्या शब्दाचा अर्थ जुळा, आणि योहान त्याला ग्रीकमध्ये दिदुम म्हणतो त्याचाही अर्थ जुळाच. कुणाचा जुळा ते बायबल सांगत नाही.

मराठीत याला संशयात्मा म्हणू नका, तो कायमच शंका काढत बसणारा. थॉमसला याचि देही याचि डोळा बघायचं असतं, बघितलं की तो मानतो. आणि बोलताना टॉमस म्हणा, इंग्रजीत त्यातल्या एचचा उच्चार होत नाही.