आधी बोल

बाळ,

तुझा मेसेज वाचला. आजोबांच्या वयाचे गृहस्थ, तुला ‘बेटा’ म्हणतात, दिवाळीला बर्फी आणून देतात आणि पेन्शनच्या दिवशी सकाळपासून तुझ्या जुगाराच्या दुकानातल्या रूलेटच्या मशीनसमोरून हलत नाहीत. परवा त्यांनी तुझ्याकडे 20 पौंड उसने मागितले. ‘मोठ्या माणसाला कसं विचारू? पैसे त्यांचे, मर्जी त्यांची,’ असं तू लिहिलंस.

उसने दिले नाहीस, बरं केलंस. पण कसं विचारू म्हणजे काय गं? तोंडाने विचार!

वडीलधाऱ्यांच्या व्यवहारात नाक खुपसायचं नाही, हे मीही घरून शिकूनच इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात अशाच दुकानाच्या काउंटरवर उभी राहिले होते. तेव्हा ते मशीन दर 20 सेकंदांना 100 पौंडांपर्यंत घ्यायचं. एप्रिल 2019 पासून ती मर्यादा 2 पौंडांवर आली. आमच्यातले कितीतरी म्हणाले, सुटलो, आता कायदाच बघून घेईल. कसले सुटलो? 2-2 पौंडांनीही पेन्शन संपते. वेळ जास्त लागतो, आणि तो सगळा वेळ माणूस तुझ्या डोळ्यांसमोर असतो.

मॅनेजर म्हणतो नोंद करून ठेव. ठेव की! पण ट्रेनिंगमध्ये ओळखा, बोला, मग परिणाम बघा असं शिकवतात, आणि नेमकं मधलंच सगळे गाळतात. आधी बोल, मग लिही. हातात पत्रक कोंबणं म्हणजे बोलणं नव्हे.

हरून मशीनवर बुक्क्या मारत असतील तेव्हा मात्र जाऊ नकोस, संध्याकाळी दुकानात एकटी असतेस तेव्हा तर नाहीच. सिगरेट ओढायला बाहेर निघाले की गाठ. किती हरलात, हे विचारू नकोस. ‘अंकल, सकाळपासून इथेच आहात, तिसऱ्यांदा कार्ड काढलंत. सगळं ठीक आहे ना?’ एवढंच म्हण आणि गप्प राहा. गप्प राहणंच अवघड असतं, आपल्याला लगेच प्रवचन सुचतं. मलाच बघ.

चिडतील. चिडू देत. पुढच्या वेळी परत बोल.

कधी तरी ‘मला बंद कर’ म्हणाले, म्हणजे स्वतःवरच दुकानबंदी घालून मागितली, तर त्याचा फॉर्म तिथल्या तिथे काढ. सही त्यांचीच लागते. 2016 पासून एकाच अर्जात इतर कंपन्यांच्या दुकानांतही बंदी घालून घेता येते, पण ती फोटोवर चालते; काउंटरवरच्या माणसाने चेहरा ओळखला तरच. आणि मोबाइलवरच्या जुगारासाठी गॅमस्टॉपवर, म्हणजे ऑनलाइन जुगारातून स्वतःला बाद करून घ्यायच्या यंत्रणेत, वेगळं नाव घालावं लागतं, तेही सांग. नाहीतर दुकान सुटेल आणि फोन हातात येईल.

माझं एक गिऱ्हाईक असंच दार आपटून समोरच्या दुकानात गेलं. एरिया मॅनेजरने मला गिऱ्हाइकं पळवतेस म्हणून झापलं. माझं बोलणं फुकट गेलं असं कुणी म्हटलं की मला अजून राग येतो. त्या आख्ख्या रस्त्यावर त्याला आणखी कुणी विचारलं होतं? मी पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याशी बोलले. आजही बोलेन.

पेन्शनच्या दिवशीची शिफ्ट बदलून मागणार आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. मागू नकोस. तुझ्या जागी जो येईल, तो त्यांना ओळखतही नसेल.

तुझी,
मावशी