दादांना एकटं कधी ठेवायचं?

ताई, डोक्याला मार बसल्यावरही दादा पलटणीतल्या गोष्टी नीट सांगतात, म्हणून एकटे राहू शकतील असं धरू नका. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की बोलणं शाबूत राहूनही धोका ओळखणं बिघडू शकतं. सुरुवातीला बरीच घरं इथेच फसतात.

- गॅसचा रेग्युलेटर बंद, गाडीची किल्ली तुमच्याकडे, गोळ्या तुमच्या हातून. दारू अजिबात नको.
- फिटची गोळी परस्पर थांबवू नका. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांवर गेली तर 108.
- देखरेख एकेका कामापुरतीच सैल करा.

कमांड हॉस्पिटलला (लष्कराच्या मोठ्या दवाखान्यात) जाताना झोप, राग, फिट यांची वही न्या. अपंगत्व 100 टक्के असेल, तर मेडिकल बोर्डाकडे (अपंगत्व ठरवणाऱ्या डॉक्टरांकडे) मदतनीस भत्त्याचं, म्हणजे सतत सोबत लागणाऱ्या माणसासाठीच्या पैशाचं, नक्की विचारा. आणि आठवड्यातून एक दुपार दिराला दादांजवळ बसवा, तुम्ही झोपा.