वाचकांचे प्रश्न : पब-क्लबमधली धूम्रपानबंदी

बंदिस्त पब-क्लबमध्ये धूम्रपानाला पूर्ण बंदी हवी, कारण तिथे काम करणाऱ्यांना दुसरी हवा निवडता येत नाही, अशी बाजू आम्ही मागच्या अंकात मांडली होती. त्यावर बरीच पत्रं आली, काही चांगलीच रागावलेली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

बंदीऐवजी दणकट एक्झॉस्ट पंखे आणि चांगले एअर प्युरिफायर सक्तीचे केले तर काय बिघडेल?

आकडे मांडून पाहू. हॉल २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरा, म्हणजे ६०० घनमीटर हवा. तिथे दहा जण तासाला प्रत्येकी दोन सिगारेटी ओढत आहेत. एका सिगारेटमधून साधारण १० मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात, म्हणजे तासाला २०० मिलिग्रॅम. हवा तासाला तीनदा बदलत असेल तर कणांची पातळी घनमीटरला ११० मायक्रोग्रॅमच्या आसपास स्थिरावते. दहादा बदलली तर ३३. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा १५ आहे, आणि हे ३३ तर फक्त सिगारेटींचे; बाहेरून येणारे कण त्यात धरलेलेच नाहीत. पातळी १पर्यंत खाली आणायची असेल तर हवा तासाला तीनशेहून जास्त वेळा, म्हणजे दर अकरा सेकंदांनी, पूर्ण बदलावी लागेल. तसल्या झोतात कुणी बसू शकणार नाही.

पंख्यांची मर्यादा इथेच आहे. धूर सतत निघत असताना हवा दुप्पट खेळवली तर पातळी फक्त निम्मी होते. शिवाय ही सगळी सरासरी झाली. दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकातून उठणारा धूर छताकडच्या पंख्यापर्यंत पोचण्याआधीच, टेबलावर वाकून ग्लास ठेवणाऱ्या वेटरच्या नाकात जातो. हा धूर ओढणाऱ्याच्या फिल्टरमधूनही गेलेला नसतो.

प्युरिफायरचं म्हणाल, तर हेपा फिल्टर कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझिनसारखे वायू त्यातून आरपार जातात. सक्रिय कोळशाचा थर काही वायू धरून ठेवतो, पण रोजच्या धुरात तो लवकर भरतो आणि भरल्याचं बाहेरून दिसत नाही. विजेच्या भारावर कण खेचणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यांवर चिकट तपकिरी थर बसतो. त्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत तर यंत्र नुसतं घुमत राहतं. भिंतीवरचा स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो.

मग दार बंद राहणारी वेगळी स्मोकिंग रूम?

त्या खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला, तिची हवा थेट इमारतीबाहेर सोडली आणि दार आपोआप मिटणारं असलं, तर गळती कमी होते. थांबत नाही. दार उघडून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या पाठोपाठ धूरही ओढला जातो, आणि शुक्रवारी रात्री ते दार मिटलेलं असं राहतच नाही. शिवाय आतले ॲशट्रे कुणीतरी रिकामे करायचेच असतात. जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या आठव्या कलमाची मार्गदर्शक तत्त्वं २००७मध्ये ठरली. वायुवीजन, हवा गाळणं किंवा वेगळ्या खोल्या यांनी पुरेसं संरक्षण मिळत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

मालकाला ठरवू द्या की! बाहेर पाटी लावावी, ज्याला चालेल तो आत येईल.

हा प्रयोग स्पेनने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. २००६च्या कायद्यात १०० चौरस मीटरपेक्षा लहान बार आणि रेस्तराँच्या मालकांना निवड दिली होती. त्यांतल्या बहुतेकांनी धूम्रपान चालू ठेवलं. शेजारच्याने धूर चालू ठेवला असताना आपण एकट्याने बंद करायला कुणी धजत नाही. शेवटी २ जानेवारी २०११पासून तिथे पूर्ण बंदी आली.

सवलतींचं आणखी एक दुखणं असतं: त्या कोर्टात टिकत नाहीत. जर्मनीत काही राज्यांनी मोठ्या ठिकाणी स्मोकिंग रूमला परवानगी दिली, पण एका खोलीच्या छोट्या पबला तसं करणं शक्यच नव्हतं. जुलै २००८मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हा भेदभाव अमान्य केला. एकतर सगळ्यांना बंदी करा, नाहीतर छोट्यांनाही सूट द्या, असा त्याचा अर्थ. त्यांतल्या बव्हेरिया राज्याने जुलै २०१०च्या सार्वमतात पूर्ण बंदी निवडली, सुमारे ६१ टक्के मतांनी. नेदरलँड्समध्ये नोकर नसलेल्या छोट्या बारना सूट होती, तीही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये काढून घेतली.

आमचा क्लब खासगी आहे. सभासदांचा, सभासदांसाठी. तिथे सरकारचा काय संबंध?

इंग्लंडमधला सगळा वाद नेमका या मुद्द्यावर झाला. सत्ताधारी मजूर पक्षाच्या २००५च्या जाहीरनाम्यात खासगी क्लब आणि जेवण न देणारे पब वगळायचे होते. पण सूट मिळालेल्या जागांतही बारमागे पगारी माणसंच उभी असतात, आणि जेवण न देणारे पब बरेचसे गरीब वस्त्यांत होते. म्हणजे सर्वांत जास्त धूर असलेल्या जागाच सुटल्या असत्या. पब आणि क्लब यांच्यात भेद केला तर गिऱ्हाईक क्लबकडे वळेल, ही पबवाल्यांची तक्रारही रास्त होती. १४ फेब्रुवारी २००६ला खासदारांना पक्षादेशाविना मत देऊ दिलं, तेव्हा ३८४ विरुद्ध १८४ मतांनी क्लबही बंदीत आले. तुमच्या क्लबात एकही नोकर नसेल, तर प्रश्न खरोखर वेगळा होईल. पण बार चालवणाऱ्या क्लबात असं क्वचितच असतं.

इंग्लंडमध्ये बंदीनंतर शेकडो पब बंद पडले. ते का सांगत नाही?

पडले, आणि बंदीचा फटका काहींना नक्की बसला. मुख्यतः फक्त दारूवर चालणारे, मागे अंगण नसलेले पब त्यात होते. पण सगळं खापर बंदीवर फोडता येत नाही. पबमधला बिअरचा खप त्याआधी अनेक वर्षं घटत होता. बंदी १ जुलै २००७ला आली. २००८मध्ये मंदी आली, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने बिअरवरचा कर दरवर्षी महागाईपेक्षा २ टक्के जास्त वाढवायचं ठरवलं, आणि सुपरमार्केटमधली बिअर तर स्वस्तच होती.

धंद्यावरच्या अहवालांत आधी शेवटचं पान पाहा: पैसा कुणाचा आहे? २००३मध्ये ‘टोबॅको कंट्रोल’ या नियतकालिकात अशा अभ्यासांचा एकत्र आढावा आला. विक्रीचे किंवा कराचे खरे आकडे वापरणाऱ्या, स्वतंत्र अभ्यासांत नुकसान दिसलं नव्हतं. नुकसान दाखवणारे अभ्यास तंबाखू उद्योगाच्या पाठबळावर झालेले होते.

बंदीने हार्ट अटॅक ४० टक्के कमी होतात, हे खरं का?

तो आकडा वापरू नका, बंदीच्या बाजूने बोलतानाही. अमेरिकेतल्या हेलेना या छोट्या गावात २००२मध्ये सहा महिन्यांपुरती झालेली ती घट आहे. रुग्ण इतके थोडे की चार-पाचांनी टक्केवारी पार बदलते. स्कॉटलंडमध्ये नऊ रुग्णालयांत १७ टक्के घट मोजली गेली. इंग्लंडच्या मोठ्या अभ्यासात, आधीपासून चालू असलेली घट वजा केल्यावर, २.४ टक्के उरली. तिथे बरीच ऑफिसं आणि रेस्तराँ कायद्याआधीच धूरमुक्त होती, हेही त्याचं एक कारण. देशभराचा विचार केला तर एवढीशी टक्केवारीही वर्षाला हजाराहून जास्त माणसांची होते.

अंगणात शेड बांधायची आहे. ती ‘बंदिस्त’ कधी ठरते?

नियम देशागणिक बदलतात, पण इंग्लंडची व्याख्या मोजायला सोपी आहे. छप्पर आहे आणि भिंतींचा निम्म्याहून कमी भाग उघडा आहे, तर जागा बंदिस्त. शेड ६ बाय ४ मीटर आणि उंची अडीच मीटर असेल, तर भिंती ५० चौरस मीटर भरतात; २५ कायम उघडे हवेत. एक लांब बाजू उघडी ठेवलीत तर १५च होतात. त्याच्या जोडीला एक आखूड बाजू, म्हणजे १०, सोडलीत की बरोबर २५.

चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. बंद करता येणारं दार, खिडकी किंवा शटर ‘उघडं’ धरत नाहीत, ते दिवसभर उघडं असलं तरी. आणि गुंडाळता येणारं कापडी छत मात्र छप्परच धरतात. पावसाळ्यात उघड्या बाजूला ताडपत्री बांधली की शेड पुन्हा बंदिस्त होते. जागा निवडताना दार, खिडक्या आणि एसीची हवा आत घेणारी जाळी यांपासून लांबची निवडा, नाहीतर सगळा धूर आतच येईल. शेजाऱ्यांच्या झोपेचाही विचार हवा. रात्री बाहेर उभ्या घोळक्याचा आवाज ही बंदीनंतरची खरी तक्रार आहे.

गिऱ्हाईक ऐकतच नसेल तर वेटरने काय करायचं?

आधी शांतपणे विझवायला सांगायचं आणि बाहेरची जागा दाखवायची. ‘आमचा नियम’ म्हणू नका, ‘कायदा आहे, दंड आम्हालाही होतो’ असं म्हणा; हुज्जत बरीच कमी होते. तरी ऐकलं नाही तर पुढचं पेय द्यायचं नाही, आणि मॅनेजरने बाहेर जायला सांगायचं. अंगाला हात लावायचा नाही, सिगारेट हिसकावायची नाही. धमकी दिली तरच पोलिसांना फोन. वेळ आणि घडलेलं त्याच रात्री वहीत लिहून ठेवा, कारण मालकाने शक्य ते केलं होतं हे पुढे त्याच नोंदीवरून दाखवता येतं. आणि टेबलांवरचे ॲशट्रे पहिल्याच दिवशी उचला. ॲशट्रे दिसला की माणूस परवानगी आहे असंच समजतो.