आजीचे मण्यांचे तोरण धुऊन पुन्हा ओवावे का?
साताऱ्याच्या घरातील आजीचे तोरण पुन्हा अवश्य ओवावे, परंतु धुण्यासाठी पाण्यात मुळीच बुडवू नये. काचेच्या मण्यांना पाण्याचे भय नसले, तरी आतील सुती दोरा अनेक पावसाळ्यांच्या दमटपणाने कुजलेला असतो आणि भिजल्यावर मण्यांच्या धारदार कडांवर तो चटकन तुटतो. मऊ ब्रशने धूळ झाडून मणी ओलसर कापसाने पुसावेत. उसवण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि एका वेळी एकच पदर सोडवून त्यातील मणी त्याच क्रमाने थेट नव्या दोऱ्यावर सरकवावेत. आमच्याकडे सगळे मणी एका परातीत ओतले गेले आणि तोरणाच्या नक्षीतील पोपटाची चोच शेवटपर्यंत जुळली नाही. नायलॉनचा दोरा टिकाऊ असतो, मात्र तो फार ओढून घेतल्यास तोरण ताठ होते व त्याचा झोळ जातो.